बीन्सचं डिप: दाणे गरम असतानाच वाटा

तुमची अडचण अशी: संध्याकाळच्या भुकेला तळलेलं नको म्हणून तुम्ही दोनदा बीन्सचं, म्हणजे राजमा-चण्यासारख्या शिजवलेल्या दाण्यांचं, डिप घरी करून पाहिलंत. पहिल्यांदा ते कोरडं आणि भरभरीत झालं. दुसऱ्यांदा मऊ व्हावं म्हणून तेल वाढवत गेलात, तर भरभरीतपणा तसाच राहिला आणि वर तेलाचा तवंग आला. लसणाचा उग्रपणा तोंडातून जाईना. उरलेली वाटी अजून फ्रिजमध्ये आहे. तुम्हाला हवंय ते कमी तेलाचं, गुळगुळीत आणि पंधरा-वीस मिनिटांत होणारं डिप.

तुम्ही जे लिहिलंय त्यावरून दिसतं की दोन्ही वेळा फ्रिजमधले शिजवलेले बीन्स काढून तसेच मिक्सरला लावलेत. बिघडलं ते तिथेच. मी बावीस वर्षं पथ्याचा स्वयंपाक करते. त्या स्वयंपाकघरात तेल चमच्याने मोजून मिळतं, त्यामुळे मऊपणा तेलातून आणायची सोय मला कधी नव्हती. तो दाण्यातूनच काढावा लागला, आणि तो दाण्यात असतोच.

दाण्याच्या आत पिष्टाने भरलेल्या पेशी असतात आणि त्यांना एकमेकींना चिकटवून ठेवतं ते पेक्टिन. दाणा नीट शिजला की पेक्टिन विरघळतं, पेशी सुट्या होतात, आतलं पिष्ट पाणी पिऊन फुगतं. अशा गरम दाण्यावर पातं फिरलं की लोण्यासारखं वाटण होतं. तोच दाणा थंड झाला की पिष्टाचे रेणू पुन्हा एकमेकांना धरतात आणि दाणा घट्ट होतो. भात फ्रिजमध्ये ठेवला की टणक होतो, तोच प्रकार. मग मिक्सर कितीही फिरवा, दाण्याचे बारीक बारीक तुकडे होतात आणि जिभेला रव्यासारखे लागतात. तेल त्या तुकड्यांना बाहेरून माखतं, आत शिरत नाही. म्हणून तुमचं डिप एकाच वेळी कोरडंही लागलं आणि तेलकटही.

तेव्हा दाणे गरम करूनच वाटायचे. ताजे शिजवले असतील तर कुकरमधून काढल्यावर पाच मिनिटांनी. फ्रिजमधले किंवा डब्यातले असतील तर थोड्या पाण्यात सात-आठ मिनिटं उकळून, दाणा दोन बोटांत धरल्यावर जोर न लावता चेपला जाईल इतके मऊ करून. जेवणात दाणा अख्खा दिसावा म्हणून आपण तो जरा आधी उतरवतो, डिपला मात्र तो फुटायला आलेला हवा.

एका वेळचं प्रमाण सांगते. शिजवून निथळलेले दीड कप, म्हणजे साधारण २५० ग्रॅम बीन्स. लसणाची एक मध्यम पाकळी. लिंबाचा रस दीड ते दोन मोठे चमचे. भाजलेल्या जिऱ्याची पूड अर्धा लहान चमचा. मीठ पाव लहान चमचा, लागलं तर नंतर थोडं. तिळाची पेस्ट, म्हणजे ताहिनी, दोन मोठे चमचे किंवा तिच्याऐवजी चांगलं तेल एक मोठा चमचा. आणि बीन्स ज्यात शिजले ते पाणी, म्हणजे कट, तीन ते पाच मोठे चमचे. हा कट सहसा फेकू नका. त्यात दाण्यातून उतरलेलं पिष्ट, प्रथिनं आणि चव असते, आणि तेलाचं बरंचसं काम तो करतो.

घालायचा क्रमही सांभाळा. आधी लसूण किसून किंवा मिठाबरोबर ठेचून लिंबाच्या रसात टाका आणि दहा मिनिटं तसाच राहू द्या. लसूण ठेचला की त्यातलं एक विकर (एन्झाइम) जागं होतं आणि तो झोंबणारा वास तयार करतं. लिंबाच्या आंबटपणात हे विकर मंदावतं, त्यामुळे लसणाची चव राहते पण जाच होत नाही. तेवढाही नको असेल तर अख्खी पाकळी बीन्सबरोबरच उकळा. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना लसूण सोसत नाही, त्यांच्यासाठी मी नेहमी उकळलेलाच घेते.

मग गरम बीन्स आणि दोनच चमचे कट घालून वाटायला सुरुवात करा. सगळं पाणी आधीच ओतलं की दाणे पात्याभोवती तरंगत फिरतात आणि वाटले जात नाहीत. वाटण घट्ट असेल तर ते एकमेकांवर घासलं जातं आणि बारीक होतं. दर अर्ध्या मिनिटाने थांबून कडेचं खाली ओढा आणि चमचाभर कट वाढवा. पूर्ण गुळगुळीत झालं की लिंबू-लसूण, जिरेपूड, मीठ आणि ताहिनी घालून पुन्हा फिरवा. दोन ते तीन मिनिटं सलग वाटण्याइतका धीर धरा, बहुतेक जण चाळीस सेकंदांत थांबतात. एवढ्या कमी मालाला मिक्सरचं लहान भांडंच घ्या, मोठ्या भांड्यात सगळं कडेला उडून चिकटून बसतं.

एक सावधगिरी इथेच सांगते. गरम वाटण बंद भांड्यात फिरवलं की वाफ कोंडते, झाकण उडतं आणि उकळतं वाटण हातावर येतं. भांडं निम्म्याहून जास्त भरू नका. उकळी उतरून पाच मिनिटं झाल्यावरच मिक्सर लावा. झाकणावर जाड कापड धरा, सुरुवातीला दोन-दोन सेकंदांचे झटके द्या आणि मध्ये झाकण उघडून वाफ जाऊ द्या. वाटणाला ऊब पुरे, चटका बसेल इतकं गरम ते नको. मिक्सर नसला तर मॅशरने किंवा रवीने गरम बीन्स घोटा. थोडं भरड राहील, पण ते मऊ भरड असेल, आणि काळ्या बीन्सचं डिप तर मला तसंच आवडतं.

तेल घ्यायचं असेल तर शेवटी, चमच्याने ढवळून मिसळा. काही ऑलिव्ह तेलं, विशेषतः एक्स्ट्रा व्हर्जिन, मिक्सरच्या वेगात घुसळली की कडवट होतात. वरून घातलेल्या तेलाचा वासही नाकाला आधी भेटतो, त्यामुळे एक चमचा पुरतो. ताहिनी घातल्यावर वाटण एकदम घट्ट होऊन बसलं तर घाबरू नका. तिला थोडं पाणी लागलं की ती आधी आळते आणि आणखी दोन चमचे पाणी गेलं की सैल होऊन पांढुरकी, हलकी होते.

बीन्स कोणते, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण डिपचा निम्मा निकाल तिथेच लागतो. पांढऱ्या बीन्सची साल पातळ आणि चव सौम्य, म्हणून पहिल्यांदा करणाऱ्याला मी तेच सांगते. राजम्याची साल जाड, त्यामुळे तो जास्त शिजवायला हवा, पण चव भरदार. काळे बीन्स मातकट गोडसर लागतात, त्यांना जिरे, मिरची आणि लिंबू चांगलं सोसतं. काबुली चण्याला सगळ्यात जास्त मेहनत लागते, कारण त्याची साल वाटली जात नाही. त्यावर उपाय म्हणजे शिजवताना एक कप सुक्या चण्याला पाव लहान चमचा खाण्याचा सोडा घालायचा. सोड्याने पाणी अल्कधर्मी होतं, पेक्टिन लवकर सुटतं, सालं विरघळायला येतात. सोडा वाढवलात तर साबणासारखी चव येते, शिवाय त्याने ब-१ जीवनसत्त्व नष्ट होतं, म्हणून पावच्या वर नको. पांढऱ्या बीन्सना सोडा लागतच नाही. आणि खरोखरच घाई असेल तर लाल मसूर घ्या: भिजवायला नको, साल नाही, पंधरा-वीस मिनिटांत आपोआप मोडतो. रंग पिवळट येतो आणि पोत जरा सैल, पण कामावरून दमून आलेल्या माणसाला तो मोठा आधार आहे.

सुके दाणे रात्री भिजवताना पाण्यात मीठ घाला, लिटरला एक मोठा चमचा. मिठाने दाणा कडक होतो असं पुष्कळांनी ऐकलेलं असतं. घडतं उलट: मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं आणि साल मऊ पडते. कडक ठेवतो तो आंबटपणा आणि जड, म्हणजे क्षारांचं पाणी. म्हणून लिंबू, टोमॅटो, व्हिनेगर हे सगळं दाणे पूर्ण शिजल्यावरच. सगळं नीट करूनही दाणे टणक राहिले तर ते जुने आहेत. उबदार, दमट जागी महिनोन्‌महिने राहिलेले बीन्स तासन्‌तास शिजवूनही मऊ होत नाहीत. त्यांच्याशी झगडू नका, डिपला दुसरे घ्या.

राजम्याच्या बाबतीत मी आग्रही आहे आणि हे जरा थांबून वाचा. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी प्रथिन असतं. कच्चे चार-पाच दाणेसुद्धा त्रास द्यायला पुरतात. एक ते तीन तासांत मळमळ आणि उलट्या सुरू होतात, मागून जुलाब. राजमा किमान पाच तास भिजवायचा, ते पाणी ओतून टाकायचं आणि नव्या पाण्यात खळखळून उकळायचा. १०० अंश सेल्सिअसला १० मिनिटांत हे विष निकामी होतं, पण अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन खबरदारी म्हणून ३० मिनिटं उकळायला सांगतं. प्रेशर कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, तिथे हा प्रश्न सुटतो. धोका आहे तो मंद आचेवर तासन्‌तास ठेवणाऱ्या स्लो कुकरचा. ८० अंशांच्या आसपास दाणा मऊ दिसायला लागतो, पण विष कमी होण्याऐवजी वाढू शकतं. डिपमध्ये ही काळजी जास्तच घ्यावी लागते, कारण अर्धवट शिजलेला दाणा मिक्सरमध्ये बारीक होऊन जातो आणि त्याचा कचकचीतपणा दातांना कळतच नाही. सुरुवातीच्या काळात मी स्वतः असा अर्धवट राजमा वाटला होता. भांड्याच्या तळाशी एक दाणा अख्खा राहिला होता, तो चावल्यावर कच्चा निघाला म्हणून कळलं. सगळं वाटण फेकून दिलं. तेव्हापासून वाटण्याआधी वेगवेगळ्या जागचे पाच दाणे चावून बघते. एक जरी कडक लागला तर कुकर पुन्हा चढतो.

डब्यातले बीन्स वापरायला काहीच हरकत नाही. ते पूर्ण शिजलेले असतात, वरचा धोका त्यांना नाही, आणि झटपट हवं असेल तर सगळ्यात सरळ रस्ता तोच. ४०० ग्रॅमच्या डब्यातून निथळल्यावर साधारण २४० ग्रॅम दाणे निघतात, म्हणजे वरच्या प्रमाणाला एक डबा बरोबर. फक्त मीठ बघा. निथळून नळाखाली धुतले तर सोडियम सुमारे ४० टक्के कमी होतं. मग साध्या पाण्यात लसूण आणि जिऱ्याबरोबर सात-आठ मिनिटं उकळा. डब्याची चवही जाते आणि वाटायला कटही मिळतो. डब्यावर बिनमिठाचे लिहिलं असेल तर आतलं पाणीच कट म्हणून वापरा.

घरचे सुके दाणे शिजवून झटपट डिप हवं असेल तर एकदाच जास्त शिजवून ठेवा. एक कप सुक्या बीन्सचे अडीच ते तीन कप होतात. दीड-दीड कपाच्या पिशव्या करून कटासकट फ्रीझरला टाका. संध्याकाळी पिशवी पातेल्यात रिकामी करून उकळी आणली की दहा मिनिटांत वाटायला तयार. थंडीने टणक झालेला दाणा या उकळीत पुन्हा मऊ होतो, म्हणून ती टाळू नका.

आता तब्येतीचा हिशोब. शिजवलेल्या १०० ग्रॅम राजम्यात सुमारे १२७ कॅलरी, ९ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि ६-७ ग्रॅम तंतू (फायबर) असतात. म्हणजे वरच्या २५० ग्रॅमचे झाले सव्वातीनशेच्या आत कॅलरी. तेलाचा एक मोठा चमचा १२० कॅलरींचा. तुम्ही दुसऱ्या वेळी अर्धी वाटी तेल घातलंत म्हणता, ते सहा चमचे जरी धरले तरी ७२० कॅलरी, म्हणजे बीन्सच्या दुपटीहून जास्त. ते डिप नावालाच बीन्सचं उरतं. एक चमचा तेल घातलेल्या डिपचे सहा वाटे केले तर प्रत्येकी ७०-७५ कॅलरी येतात. तेल वाईट असतं असं मी म्हणत नाही, थोडं असायलाच हवं, त्याशिवाय मसाल्याचा वास खुलत नाही.

ताहिनी आणि तेल यांत एकच निवडायचं असेल तर मी ताहिनीच्या बाजूची. दोन चमचे ताहिनीत कॅलरी एक चमचा तेलापेक्षा जास्त असतात हे खरं, पण तिच्याबरोबर प्रथिनं येतात. प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात त्यांतलं लायसिन बीन्समध्ये भरपूर आणि मेथिओनिन कमी असतं, तिळात नेमकं उलट, त्यामुळे दोघं एकमेकांची उणीव भरून काढतात. तिळाची अ‍ॅलर्जी असलेलं कुणी घरात असेल तर मात्र ताहिनी पूर्ण वर्ज्य. पाहुण्यांना वाढतानाही तसं सांगा, कारण डिपमध्ये ती दिसत नाही. दही घालायचं असेल तर पाणी काढलेलं घट्ट दही, आणि वाटण गार झाल्यावर. गरमात ते फाटतं.

लिंबू नुसतं चवीसाठी नाही. त्यातलं क जीवनसत्त्व बीन्समधलं लोह शोषायला मदत करतं, म्हणून लोहाची कमतरता असलेल्यांच्या डिपमध्ये मी अर्धं लिंबू शेवटी, गार झाल्यावर वरून पिळते.

मिठाबद्दल एवढंच, की गरम वाटणात मीठ बरोबर वाटलं तर गार झाल्यावर ते सपक लागतं. पण लगेच मीठ वाढवू नका, आधी लिंबू वाढवून बघा. आंबटपणा पुरेसा असला की कमी मीठही पुरतं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते आणि ते एका लहान चमच्यात संपतं. जिरे, मिरपूड, भाजलेली सिमला मिरची, कोथिंबीर, धुरकट चवीची लाल मिरचीपूड, यांतलं एकेका वेळी एक किंवा दोनच घ्या. सगळं एकदम घातलं की बीन्सची चव कुठे जाते ते कळत नाही.

डिप वाटलं तेव्हा हवं त्यापेक्षा सैल ठेवा. गार होताना ते आळतंच. बरोबर खायला गाजर, काकडी, सिमला मिरचीचे लांब काप घ्या. तळलेल्या कुरकुरीत चकत्यांबरोबर खाल्लं तर तेल वाचवल्याचा उपयोग राहत नाही.

साठवताना उथळ भांड्यात पसरून लवकर गार करा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. ४ अंशांखाली ते तीन-चार दिवस चांगलं राहतं. जेवढं खायचं तेवढं वेगळ्या वाटीत काढा, मोठ्या भांड्यात गाजर बुडवत बसू नका. कच्चा लसूण तेलात बुडवून तो डबा ओट्यावर ठेवायची सवय काही जणांना असते, ती सोडा. हवा न लागणाऱ्या अशा जागी बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू वाढतात आणि त्यांचं विष वासावरून कळत नाही. फ्रीझरला डिप दोन-तीन महिने टिकतं. वितळल्यावर पाणी सुटलं तर गरम करून पुन्हा वाटा.

पोट फुगण्याची तक्रार असेल तर भिजवलेलं पाणी फेकून द्या. त्यात गॅस करणाऱ्या शर्करा थोड्याफार उतरतात. आणि सुरुवात दोन चमच्यांनी करा. तंतूंची सवय नसलेल्या पोटाला एकदम वाटीभर बीन्स झेपत नाहीत, दोन-तीन आठवड्यांत बऱ्याच जणांना फरक पडतो. धुतलेले डब्यातले बीन्स अशांना अनेकदा जास्त सोसतात, कारण त्या शर्करा डब्यातल्या पाण्यात उतरलेल्या असतात. मूत्रपिंडाच्या आजाराचं पथ्य असेल तर बीन्समध्ये पोटॅशियम बरंच असतं, तेव्हा किती खायचं ते आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्या. अशांनी शिजवलेलं पाणीही वापरू नये, साधं गरम पाणी घ्यावं.

राहिली फ्रिजमधली तुमची वाटी. चार दिवस झाले नसतील तर ती वाया गेलेली नाही. वर सुटलेलं तेल चमच्याने काढून घ्या. डिप पातेल्यात घालून त्यात चार-पाच चमचे पाणी टाका आणि मंद आचेवर ढवळत नीट वाफ येऊन बुडबुडे फुटेपर्यंत तापवा, खाली लागू देऊ नका. या उकळीत लसणाचा उग्रपणाही बराच उतरेल. पाच मिनिटं थांबून लहान भांड्यात, झाकणावर कापड धरून, तीन मिनिटं वाटा. गार झाल्यावर अर्धं लिंबू पिळा आणि मगच मीठ चाखा.